शुगर नॉर्मल आहे

अरे, त्या ट्रेनिंगचं तुम्हाला सांगितलंच नाही. आम्ही मुलांचे पंधरा-वीस डॉक्टर ठाण्याला गेलेलो. मुलाला डायबिटीससारखा कायमचा आजार असेल, तर घरच्यांना कसं समजवायचं, हे शिकायला. तिथे शहाडच्या एक ताई आलेल्या, आपल्या मुलीचा अनुभव सांगायला.

त्या म्हणाल्या, "डॉक्टर रिपोर्ट बघून बोलले, शुगर नॉर्मल आहे. मला वाटलं, पोरगी बरी झाली. मी इन्सुलिन बंद केलं. तिसऱ्या दिवशी ती बेशुद्ध पडली. चार दिवस आयसीयूत होती. नशीब, वाचली."

मला रागच आला. उठून विचारलं, "ताई, इन्सुलिन कधीच थांबवायचं नसतं, एवढंही सांगितलं नाही? कोण हा डॉक्टर?"

त्या हळूच म्हणाल्या, "सर, तुम्हीच की."

मला त्यांचा चेहरासुद्धा आठवेना. कसाबसा बोललो, "मग नंतर येऊन मला सांगितलं का नाही?"

"आलेले ना, सर. तुम्ही म्हणालात, इतकी साधी गोष्ट कळत नाही का तुम्हाला?"