पिठाची विरी

मी मूळचा विंचूरकडचा, शेतकऱ्याचा पोरगा, पण शेतात काय माझं मन लागलं नाय, मला एका जागी थांबणंच जमत नाय, म्हणून एकलहऱ्याला वीजकेंद्रात कोळशाच्या पट्ट्यावर लागलो आणि तिथंच रिटायर झालो. पट्ट्यावरचं काम कसं, कोळसा सरकत असतो, आपण त्याच्या संगं चालायचं, कुठं अडकला, कुठं सांडला बघायचं. ते मला बरोबर मानवलं. आता नाशिकरोडला राहतो, मी आणि कमल, आमची मंडळी. आता बी बघा, तुमच्याशी बोलतोय पण उभा हाय. बसा म्हणू नका.

तर काय सांगू तुम्हाला, गेल्या साली संक्रांतीच्या पुढं कमलला लकवा मारला. तोंड वाचलं, पाय बी हळूहळू आला, उजवा हात तेवढा गेला. आणि तिला लागती बाजरीची भाकरी. स्वयंपाकाला बाई लावली, तिच्या चपात्या हिच्या घशाखाली उतरंना, दोन घास खायची आणि ताट सरकवायची. वाळून गेली हो.

आमची सुनीता पुण्याला असती. ती आली, आईला बघून रडली आणि म्हणली नाना, हिला मी घेऊन जाते. मी म्हणलं कशाला, मी घालतो करून. तर डोळे पुसता पुसता हसायलाच लागली, म्हणली नाना, तुम्हाला चहा तरी येतो का. मग म्हणली बरं, होळीला येते, तोवर आईच्या अंगाला काय लागलं तर ठीक, नाय तर गाडीत घालून नेते. मी हो म्हणलं, पण नुसतं तोंडानं. कमल गेली तर या दोन खोल्यांत मी करू काय, भिंतीला डोकं आपटू?

दुसऱ्याच दिवशी बाजरी आणली, दहा किलो, आणि एकदमच दळून आणली. चक्कीवाला म्हणला नाना, एवढी? मी म्हणलं तू दळ. काय हाय, साठा कमी पडू द्यायचा नाय ही आमची नोकरीतली सवय, कोळसा कमी म्हणलं की तिथं पळापळ व्हायची. डबा गच्च भरला आणि मला लय बरं वाटलं.

मग लागलो मागं. मोबाइलवर बघितलं. शेजारच्या वहिनींना विचारलं, चक्कीवाल्याला विचारलं, भाजीवालीला बी विचारलं. पहिले आठ-दहा दिवस पीठ हाताला चिकटायचं, भाकरी परातीतून उचलताना तिचा नकाशा व्हायचा, तव्यावर बोटं पोळायची. कमल दारात खुर्चीवर बसून बघायची. मी म्हणायचो तू पडून राहा, मी करतो. ती हलायची नाय. पुढं हात जरा वळायला लागला, उंडा मळताना कळायला लागलं पाणी किती, थापताना भाकरी परातीत फिरायला लागली, आणि नेमकी तवाच ती चिरायला लागली बघा. कडा फुटायच्या, उचलली की दोन तुकडे. चव बी कडवट, तिच्या ताटात घालावी अशी एक बी होईना, ती आपली बाईच्या चपातीवरच. मी पाणी गरम घेतलं, गार घेतलं, जास्त मळलं, कमी मळलं, सकाळी केली, दुपारी केली, नायच. होळी आली चार दिवसांवर. मला झोप नाय, घरात नुसत्या येरझारा.

होळीच्या आदल्या दिवशी तिसरी भाकरी फुटली आणि मी परात ढकलून दिली, पीठ सगळं फरशीवर. म्हणलं जा पुण्याला, माझ्याच्यानं नाय होत. तर कमल खुर्चीवरनं म्हणली, पीठ जुनं झालंय. विरी गेली त्याची. विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा हो, बाजरी आठ दिवसांची दळायची, जास्त ठेवली की ती विरी जाती आणि पीठ कडू होतं.

मी म्हणलं, तुला कवापासून ठाऊक? म्हणली, डबा भरला त्या दिवसापासून. मग बोलली का नाय गं, महिना झाला मी मरतोय इथं. तर ती म्हणली, सगळ्या नाशकाला विचारलं तुम्ही, मला विचारलं का?

लाज वाटली मला. खरंच नाय विचारलं, आणि भाकरीचंच नाय, पुण्याला जायचं का हे सुद्धा तिला कोणी विचारलं नव्हतं, ना मी, ना सुनीतानं.

तसाच गेलो आणि किलोभर ताजं दळून आणलं. ती सांगत गेली, मी करत गेलो, थांबा म्हणली की थांबायचं, तेच मला लय जड. वरून पाण्याचा हात फिरवला, उलटली, जाळावर धरली आणि फुगली हो, टम्म फुगली. तशीच तिच्या ताटात घातली, वर तेल-चटणी. तिनं डाव्या हातानं मोडली, वाफ आली, आणि ती खाता खाता रडायलाच लागली. म्हणली, लग्न झाल्यापासून तव्यावरची भाकरी पहिल्यांदा खाते. मी म्हणलं काय तरी बोलू नको. पण खरंच हाय. करणारी शेवटाला बसती, तवर गार झालेली असती. चाळीस वरसं मी समोर बसून गरम खाल्ली आणि मला हे दिसलं नाय.

सुनीता आली तेव्हा मीच विचारलं कमलला, जाती का? म्हणली, जाऊन येईन आठ दिवस, पण राहायची नाय, माझी भाकरी इथं गरम मिळती.

आता रोज करतो. कमल अजून भाकरी चांगली झाली म्हणत नाय, कड जाड हाय म्हणती. कधी कधी भ्या वाटतं, माझं काय झालं तर हिला कोण घालील. पण ते पुढचं पुढं. तुमच्या घरी कोण करतं भाकरी? बायको ना? आज घरी गेल्यावर विचारा तिला, गरम कवा खाल्ली. देव करो आणि तिला आठवो. आता तुम्ही जेवूनच जा, बसा कमलच्या शेजारी, तवा तापलाय माझा.