टॉमकाकांची मान

हसाल तुम्ही, पण माझ्यामुळे दुबईच्या हत्ता भागातल्या डोंगरात एका सत्तरीच्या माणसाला घाम फुटला होता.

माझी लेक सई फिडल, म्हणजे आपलं व्हायोलिनच, वाजवते. ती म्हणाली, "बाबा, ब्लूग्रासचा कॅम्प आहे, कम विथ मी." ब्लूग्रास म्हणजे अमेरिकेतलं गावरान संगीत, सगळे गोल करून वाजवतात. मीही हौसेनं मँडोलिन घेतलं आणि अजमानहून निघालो. दोन दिवसांत एकच गाणं आलं, तेही अर्धं.

शेवटच्या दिवशी सगळे गोल करून बसलो. आमचे मास्तर टॉमकाका बँजोवर असे काही सुटले की काय सांगू! वाजवून झाल्यावर माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली. मी गावच्या भजनात वर्षानुवर्षं टाळ कुटलेला माणूस. बुवांनी आपल्याकडे पाहिलं की दाद द्यायची, एवढं मला कळतं. मीही मान डोलावली, वर "क्या बात है!" म्हणालो.

ते बिचारे पुन्हा वाजवायला लागले. परत त्यांची मान, परत माझी दाद. चौथ्या खेपेला त्यांची बोटं अडखळली, चेहरा लालबुंद झाला, तरी माझं आपलं "वा, वा!" चालूच.

शेवटी सई कानात म्हणाली, "बाबा, स्टॉप! त्यांनी मान हलवली म्हणजे इट्स युवर टर्न. तुम्ही मान डोलावून पाळी त्यांनाच परत देताय."

मग घाबरत घाबरत येत होतं तेवढं वाजवलं. निम्मे सूर चुकले. पण संपल्यावर टॉमकाका मोठ्यानं ओरडले, "क्या बात है!"

मान मात्र त्यांनी जराही हलू दिली नाही.