सरकारची टेप

तुम्ही हसाल, पण मी एकदा खोटारड्या सरकारची बाजू घेतली होती, तीही कॉम्प्युटर गेममध्ये. तेव्हा कानडी मुलखात, जयनगरला वरच्या खोलीत भाड्यानं राहायचो. नव्वदच्या दशकातली गोष्ट, गावात ओळखीचं कुणी नाही. रविवारी सोबत म्हणजे ऑफिसनं मोडीत काढलेला कॉम्प्युटर आणि खाली राहणाऱ्या एकट्या घरमालकीण अक्का.

गेममध्ये जग संपलेलं. तळघरांत उरलेल्या माणसांना सरकार रेडिओवर रोज सांगायचं, ‘थांबा, आम्ही येतोय.’ मी मरत-मरत त्या रेडिओ केंद्रात पोचलो, तर आत कुणीच नाही. नुसती टेप फिरतेय!

अक्का कॉफी घेऊन आल्या होत्या. मी चिडून म्हणालो, "बघा अक्का, सरकार केव्हाच मेलंय. शुद्ध फसवणूक! आता हे बटण दाबलं की टेप बंद."

"स्वल्प थांब रे. ते लोक रोज ऐकतात?"

"रोज. त्याच्याच जिवावर बसलेत."

"मग राहू दे की. बंद करून तू जाणार आहेस काय त्यांच्याकडे?"

"पण खोटं आहे ना ते!"

"त्यांना ठाऊक नसेल म्हणतोस?"

बटण काही मी दाबलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली नेहमीसारखा टेपरेकॉर्डर लागला. अक्कांच्या मुलानं चार वर्षांपूर्वी अमेरिकेहून पाठवलेली कॅसेट, "आई, या दिवाळीला नक्की येतो."

रोज मी वैतागून कानावर उशी घ्यायचो. त्या दिवशी शेवटपर्यंत ऐकली.