व्हिटलॉकसाहेबांचा रोजनामा

(अमेरिकेतल्या एका जुन्या काउंटी कोर्टाचं तळघर. टेबलावर एक जाडजूड रजिस्टर उघडं.)

अबोली : काका, व्हिटलॉकच्या गाजलेल्या केसचा निकाल पुढे आहे. तुम्ही मधलीच पानं काय वाचताय?

काका : निकाल कोणीही वाचतो, पोरी. नागपूरच्या कोर्टात पस्तीस वर्षं रोजनामा लिहिला मी. कोण हजर, कोण गैरहजर, कोणी तारीख मागितली. माणूस कळतो तो त्यात.

अबोली : मला माणूस नकोय, स्पीचसाठी एक छानसं वाक्य हवंय. शुक्रवारी पार्टीची कमिटी माझा इंटरव्ह्यू घेणार. असेंब्लीचं तिकीट त्यांच्याच हातात आहे. आणि बाहेर पुतळा आहे ना, तो याच व्हिटलॉकचा. वकील, आमदार, सिनेटर होता होता राहिला. इथे सगळ्यांना आवडतो.

काका : राहिला कसा?

अबोली : दोन व्होट्सनी. तेव्हा आमदारच सिनेटर निवडायचे. ऐन दिवशी मतं जमवायला हा राज्याच्या राजधानीत गेलाच नाही. ताप आला होता म्हणतात.

काका : कुठल्या दिवशी?

अबोली : सतरा जानेवारी, 1871. पुतळ्याखाली लिहिलंय.

काका : जरा इकडे ये. हे वाच. माझं इंग्रजी तुझ्याएवढं नाही, पण तारीख मला कुठल्याही भाषेत वाचता येते.

अबोली : जानेवारी सेव्हन्टीन... मार्था ग्रीन, कपडे धुणारी बाई. तिच्या मुलाला काउंटीनं एका शेतकऱ्याकडे कामाला बांधून दिलं होतं. तो परत मिळावा म्हणून केस. वकील हजर... काका, ही व्हिटलॉकची सही आहे.

काका : दुपारचीही आहे बघ, खाली.

अबोली : म्हणजे ताप-बिप काही नाही. हा इथे होता. याच बिल्डिंगमध्ये, वरच्या मजल्यावर.

काका : आणि कोणाला बोललाही नाही. अगं, घरात साखरपुडा आहे म्हणून तारीख मागणारे वकील पाहिले मी. नावाजलेले. असा एक नाही पाहिला. काटा आला बघ अंगावर.

अबोली : निकाल काय लागला? थांबा... त्याच संध्याकाळी मुलगा आईच्या ताब्यात. आईची सही म्हणून नुसती फुली आहे.

काका : तारीख मागितली असती तर साहेब सिनेटर झाला असता. पोरगं राबत राहिलं असतं तिकडे.

अबोली : माझंही शुक्रवारी तेच आहे.

काका : तेच म्हणजे?

अबोली : माझी क्लायंट, रुचा. गाडीत सांगितलं ना, तिची मुलगी सरकारनं फोस्टर होममध्ये, परक्या घरी ठेवलीय म्हणून. मुलगी परत मिळावी म्हणून तिचं हिअरिंग शुक्रवारी दहाला. इंटरव्ह्यूही दहाला. तारीख पुढे न्यायचा अर्ज ऑफिसातल्या नीनाकडे देऊन आलेय, ती दुपारी फाइल करेल.

काका : पुढची तारीख कधीची?

अबोली : दहा आठवड्यांनी. कमिटीला दुसरी वेळ मागितली मी. नाही म्हणाले.

काका : मी काही सांगणार नाही. पाच वर्षं दारोदार हिंडलीस तू या तिकिटासाठी, मला माहीत आहे.

अबोली : एक मिनिट हं, फोन करते. ...नीना? तो अर्ज नको पाठवूस. हो, शुअर आहे. कमिटीला कळव, मी कोर्टात असेन. नाही गं, आजारी वगैरे काही सांगू नकोस. कोर्टात आहे म्हण.

काका : झालं?

अबोली : झालं. शुक्रवारी याल तुम्ही?

काका : येईन ना. मागच्या बाकावर बसेन. एक कोरी वही तेवढी घेऊन दे मला.

अबोली : वही कशाला?

काका : तुझी हजेरी लिहायला.