दादासोंच्या शिव्या

बारामतीच्या दवाखान्यात बाकं तीन, माणसं नऊ. माझ्या शेजारी निरवांगीच्या साखरबाई, अर्धांगवायूचा झटका आलेले त्यांचे मालक, मेंढपाळ दादासो, आणि सून रोहिणी.

"रोहिणे, ह्यांना बोलता येत न्हाय, मग शिव्या कशा खणखणीत येत्यात?"

"आत्या, डॉक्टर म्हणले, बोलणं मेंदूच्या डाव्या बाजूला असतं. तितंच इजा झालीया. शिव्या, गाणी, मोजणं उजवीकडनंबी येतं."

"अवो, मेंढरं मोजा बरं."

"एक, दोन, तीन, चार..."

"आता माझं नाव. हाक मारल्याबिगर मला रानात कळंल कसं?"

"भ... भवाने!"

"आबा, आत्यांचं नाव ओवीच्या चालीवर म्हणा. येतंयच!"

दादासोंनी पाच वेळा म्हटलं. 'साखर' तीनदा आलं, 'साखरबाई' एकदा.