मोबाईलवरचा कौल

माझं माहेर देवगडकडचं, शाळा चौथीपर्यंत. लग्न होऊन घाटकोपरला आले, नवरा गिरणीत, गिरणी बंद पडली तशी मी डबे करायला लागले, ते गुडघे जाईपर्यंत केले. रडगाणं नाही गात, झालं ते सांगते.

आमच्यात काही अडलं की गावच्या देवळात कौल लावतात. गुरव देवाच्या पाषाणाला ओले तांदूळ चिकटवतो, आपलं गाऱ्हाणं घालायचं, उजवा पडला तर होय, डावा पडला तर नाही. गुडघ्यांमुळे माझं गावी जाणंच बंद झालं. आणि एक दिवस फोनवर आलं, घरबसल्या कौल, व्हिडिओवर. सून म्हणाली, आई, देव कधीपासून मोबाईलवर बसायला लागला? नादी लागू नका हां. मी म्हटलं, तू तासन् तास त्यात साड्या बघतेस ते चालतं काय गं? पण बरोबर तिचंच होतं.

ती कामाला गेली तसा मी लावला फोन. समोर एक गुरव, कपाळाला गंध, मागे समई, बोलणंही आमच्याकडचंच. म्हणाला, आजी, देवापुढे लपवू नका, नावागावासकट सांगा. गाऱ्हाणं तसंच घालतात, मला काय वावगं वाटणार? सांगितलं सगळं. माझी लेक वैशाली नवऱ्याला सोडून मुलुंडला एकटी राहते, कोर्टात सोडचिठ्ठी चाललीय, आणि आता ऑफिसातल्या एकाशी लग्न करायचं म्हणते, देवा तिला अक्कल दे, त्या माणसाला तिच्या वाटेतून काढ. देवाचा फोटो पाठवतो म्हणाला म्हणून तिचा, जावयाचा, दोघांचे नंबरही दिले. कौल उजवा पडला. काय सांगू तुम्हाला, इतकं बरं वाटलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला, तिसऱ्या दिवशी पुन्हा. कळत होतं, पुरे आता, पण हात आवरतच नव्हता.

चौथ्या दिवशी त्याने माझंच टेप केलेलं बोलणं मला ऐकवलं. पैसे टाका, नाहीतर हे जावयाला जाईल. फोनवरून पैसे टाकायला सुनेनेच शिकवलं होतं, भाजीवाल्यासाठी. टाकले. परत मागितले, परत टाकले. माझ्याकडचे संपले तेव्हा त्याने ते वैशालीलाच पाठवलं.

वैशाली आली. ओरडेल वाटलं होतं. चप्पलही न काढता दारात उभी, म्हणाली, आई, त्याने फसवलं ते सोड, पण तुला मी इतकी वाईट वाटते? मग तीच मला रिक्षात घालून पोलीस चौकीत घेऊन गेली. हवालदार म्हणाला, आजी, अशा तुम्ही पहिल्या नाही, लाजू नका. तक्रार लिहून घेतली. बाहेर आल्यावर वैशाली म्हणाली, आता एक पै द्यायची नाही, पाठवू दे त्याला कुणाला पाठवायचं ते.

पाठवलंच त्याने. जावई तिला म्हणतो, तुझ्या आईचंच बोलणं कोर्टात ऐकवतो. ऐकव म्हणावं. मला बोलावलं तर जाईन, आवाज माझाच, नाही कशाला म्हणू? पण तो दारू पिऊन तिला मारायचा, तेही सांगेन. पहिल्या वर्षापासून मला माहीत होतं, आणि सोस म्हणून मीच तिला परत पाठवायचे. माझं हे कुणालाच सांगितलं नाही अजून, तुम्हालाच पहिल्यांदा सांगतेय. तिथे चारचौघांत सांगेन. लोक माझ्यावर थुंकले तरी चालेल, पोरीचं बरं होवो.