खुराड्याची उत्तरेकडची फळी

प्रभावती : तीन पिल्लां गेली, हे चौथं पदरात धरलंय. आणि तुमी सकाळपासून खुराड्याभोवती नुसते फेरे घालताय!

सगुण : विचार करतोय. तीन बाजूंना गोणपाट मारलं ना मी?

प्रभावती : आणि वारा येता तो चवथ्या बाजून, उत्तरेकडून. रातीं दंव पडता. माळ्यावरची फळी काढा म्हणत्ये.

सगुण : चारही बाजू बंद केल्या तर गुदमरतील. आपल्या सर्वण गावात कोणी खुराडं झाकलेलं बघितलंयस?

प्रभावती : यंदासारखी थंडी तरी कोणी बघितली?

सगुण : आणि ती फळी नव्हे, मोर्चाचा फलक आहे. ‘मराठी राजभाषा झालीच पाहिजे.’ बसमध्ये मावेना, तेव्हा टपावर बसून पणजीला नेलाय मी.

प्रभावती : नेलात. गोव्याचं राज्य पण झालं. आता दोन वर्सां तो झुरळां सांभाळता.

सगुण : उत्तरेला कोणाचं घर? बाबाजीचं! अक्षरं बाहेर ठेवली तर म्हणेल, सगुण मुद्दाम डिवचतो.

प्रभावती : मग भितर करा.

सगुण : आत केली तर म्हणेल, सगुणाला लाज वाटली.

प्रभावती : तुमचं बोलणं बंद. मग म्हणतलो कोणाक?

सगुण : मनात म्हणेल.

प्रभावती : धन्य तुमची! ती अक्षरां रंगवली कोणी? बाबाजी भावजींनीच ना, दिवसभर खळ्यात बसून?

सगुण : रंगवली, आणि दुसऱ्याच दिवशी गेला कोंकणीच्या मोर्चात! तोच तर राग.

प्रभावती : अजून आसा?

सगुण : राग कसला आता... रोज सकाळी त्याचा खोकला ऐकू येतो. औषध घेतलंस का, एवढं विचारता येत नाही. जीव थाऱ्यावर राहत नाही गो.

प्रभावती : कोंबडी त्यांच्याच घरची. किती झाकायचं ते त्यांनाच ठाऊक. भावजी! ओ भावजी! जरा वईकडे येयात!

सगुण : अगो, गप! काय करतेस?

(कुंपणाच्या वईपलीकडे बाबाजी येऊन उभा राहतो.)

बाबाजी : किदें गे वयनी?

प्रभावती : पिल्लां मरतात थंडीन. ह्यांना फळी मारायची आहे, पण हात उठत नाही.

बाबाजी : ...वयर चार बोटां उक्तीं दवर म्हण. वारो जाय पिलांक.

प्रभावती : मी नाही म्हणणार. ते उभे आसात समोर.

बाबाजी : सगुण. चार बोटां.

सगुण : बरं, वाऱ्याला वर तेवढी उघडी ठेवतो. ...बाबाजी, अक्षरां भायर करूं काय भितर?

बाबाजी : भायर. पिलांक खंय वाचूंक येता?

सगुण : तुका राग येवचो ना?

बाबाजी : फळी धर पळोवया. खिळो कडेक मार. अक्षरांचेर मारूं नाका.